पाहुण्याला निरोप दिला नाही

१

रोज सकाळी घरातून निघताना मी म्हणते, "येते, अण्णा." अण्णा म्हणजे माझे वडील. हॉलमध्ये पंख्याखालच्या आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले असतात. मान वर न करता म्हणतात, "ये." एखाद्या दिवशी घाईत मी तशीच सटकले तर संध्याकाळी गाल फुगलेले असतात. वर पंखा खट् खट् करत असतो. तो दुरुस्त करून घ्यायचं मी गेल्या उन्हाळ्यापासून म्हणतेय.

मग मी ऑफिसात जाते आणि फोन बनवते. म्हणजे फोनचं डबडं नव्हे. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर ज्या सोयी असतात, हा कॉल इकडे वळवा, तो तिकडे थांबवा, अमक्यासाठी एक दाबा, त्या तयार करायचं माझं काम. ऐकणाऱ्याला वैताग आणणारी ती बाई मीच. माझ्या समोरच्या टेबलावर कुलूप बसतो. त्याच्या आईनं त्याला चांगलंसं नाव ठेवलंय, पण फोनच्या जाळ्याची, म्हणजे नेटवर्कची, सुरक्षा त्याच्याकडे आहे आणि दिसेल ते दार लावून टाकायची त्याला खोड आहे, म्हणून तो कुलूप. मी दारं काढायची आणि त्यानं ती लावायची, असा आमचा संसार.

"ताई, वायरचा फोन होता तेव्हा चोराला निदान भिंत तरी फोडावी लागायची," तो नेहमी म्हणतो. "आता एक पासवर्ड कळला की पठ्ठ्या घरात."

गेले काही महिने मी 'मागोमाग' नावाची सोय बनवत होते. दवाखान्यांसाठी. डॉक्टर इमारतीत कुठेही असो, त्याच्या सगळ्यात जवळचा फोन वाजणार. माणूस कुठे आहे ते त्याच्या गळ्यातल्या कार्डावरून कळतं. साहेबांना मी दवाखान्याचं सांगितलं होतं, पण खरं म्हणजे ती अण्णांसाठी बनवली. त्यांचे गुडघे कामातून गेलेत. हॉलमधला फोन वाजला की ते स्वयंपाकघरातून पोचेपर्यंत फोनच दमून गप्प व्हायचा. म्हणून घरात तिन्ही खोल्यांत फोन लावले, अण्णांच्या गळ्यात तसंच कार्ड घातलं, आणि कोणी उचलला नाही तर फोन आपोआप उघडून खोलीतला आवाज मला ऐकू यावा, अशी व्यवस्था केली. घरचे फोन ऑफिसच्याच जाळ्याला जोडले. कुलपाला ते माहीत होतं. तो दुसरीकडे बघत होता, एवढे उपकार त्यानं केले.

मागोमागमधला आवाजही माझाच. फोन करणाऱ्याला ऐकू येतं, "नमस्कार. आपल्याला दुसरीकडे नेत आहोत. कृपया सोबत राहा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुलूप म्हणाला, "ताई, हे ऐकून वाटतं यमाचा रेडा दारात उभा आहे." अण्णा मला फोन करायचे तेव्हा त्यांनाही हेच ऐकू यायचं, आणि ते त्या आवाजाशी वाद घालत बसायचे.

आता पाहुण्याचं. कुठलीही सोय तपासायची तर एक खोटा ग्राहक लागतो. आमच्याकडे त्याला पाहुणा म्हणतात. त्याला नंबर असतो, माणूस नसतो. काम संपलं की सगळ्यांनी जमायचं, त्याच्या नंबरावर एकदा फोन लावायचा, "या पुन्हा" म्हणायचं आणि मग त्याला पुसून टाकायचं. ही आमची रीत. कोणी सुरू केली कोण जाणे. कुलूप देवाला हात जोडत नाही, पण ही रीत चुकू देत नाही, कारण विसरलेला पाहुणा म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार.

मागोमागच्या पाहुण्याला मी निरोप दिला नाही. घरी जायची घाई होती. म्हटलं, राहू दे बिचारा, उद्या बघू. त्यात आळशीपणा असा की त्याचं खातं मी नव्यानं भरलंच नव्हतं, अण्णांच्या खात्याची नक्कल मारून नुसतं नाव बदललं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं मोबाइलवरून पाहुण्याचा नंबर फिरवला. पाहुण्याला कार्ड नाही, म्हणजे तो कुठेच नाही. तेव्हा 'व्यक्ती उपलब्ध नाही' असं माझ्याच आवाजात ऐकू यायला हवं होतं.

त्याऐवजी, "नमस्कार. आपल्याला दुसरीकडे नेत आहोत. कृपया सोबत राहा." आणि टोकाच्या बैठकीच्या खोलीतला फोन वाजायला लागला.

मी उठून गेले. खोली रिकामी होती. लांब टेबल, भिंतीला सरळ लावलेल्या खुर्च्या, आणि एकच खुर्ची बाहेर ओढलेली. मी फोन बंद केला. तिथली घंटाही थांबली. आदल्या दिवशीच्या बैठकीत कोणीतरी खुर्ची तशीच टाकून गेलं असणार. आमच्याकडे लोकांना खुर्ची आत सारायचे हात नाहीत. आणि फोनचं म्हणाल तर, माणूस सापडला नाही की शेवटचा आठवणीतला फोन वाजवायचा, असं काहीतरी मीच कुठेतरी लिहून ठेवलं असेल. स्वतःच्या चुका शोधायची मला सवय आहे, त्यात घाबरण्यासारखं काय.

जागेवर येऊन मी पुन्हा नंबर लावला. या वेळी चहाच्या खोलीतला वाजला.

चहाची खोली बैठकीच्या खोलीपेक्षा माझ्या टेबलाला जवळ आहे.

"कोणाचा फोन आहे हा?" आतून कोणीतरी ओरडलं. "उचलला तर कोणी बोलत नाही!"

"माझाच," मी म्हटलं. "तपासतेय."

कुलपानं मान वर केली. मी हसून दाखवलं. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पाहुणा पुसलेला नाही म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा बाहेरची सगळी दारं लावली असती, आणि त्यातलं एक अण्णांचं होतं. दिवसभर घरात एकटा म्हातारा माणूस. मला ती ओळ तुटायला नको होती. मी गप्प बसले.

पुन्हा नंबर लावताना अंगठा जरा अडखळला. लावला.

माझ्याच टेबलावरचा फोन वाजला.

मी जागची हलले नाही. मागोमाग फार साधी सोय आहे, मीच बनवलीय, माणसाच्या सगळ्यात जवळचा फोन वाजतो. मागे वळून बघितलं तर काय दिसणार होतं? भिंत, कपाट, माझी ओढणी टांगलेली खुंटी. हे सगळं माहीत असून मला मान वळवता येईना. घंटा वाजत राहिली. मानेवर गार वारा लागल्यासारखं वाटलं. एसी तिथेच आहे, तो रोज लागतो.

मी मोबाइल बंद केला.

३

दुपारी कुलूप सोडून सगळे जेवायला उठले. पुढच्या दारापाशी मैना बसते, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद घेते आणि अखंड बडबड करते. मी तिच्याजवळ उभी राहून, सहज म्हणून, पुन्हा फोन लावला. तिच्यापुढचा वाजला.

"अगंबाई! ताई, तुम्ही इथे उभ्या राहून मलाच फोन करताय?"

"पाहुण्याला करतेय."

"मग तुमचा पाहुणा निघालेला दिसतोय," मैना खिदळली. "सकाळी तिकडे वाजत होता, मग चहाच्या खोलीत, मग तुमच्याकडे, आता दारात. जेवायला घरी चालला असेल!"

बाई गंमत करत होती. मी मात्र 'घरी' याच शब्दावर अडकले. पाहुण्याच्या खात्यात फोन कोणकोणते आहेत ते आत्ता डोक्यात आलं. ऑफिसातले सगळे, कारण ते सगळ्यांनाच असतात. आणि अण्णांची नक्कल मारल्यामुळे आमच्या घरचे तीन.

मी पुन्हा नंबर लावला. "कृपया सोबत राहा," माझा आवाज म्हणाला. ऑफिसात कुठेच घंटा वाजली नाही. कानात मात्र वाजत होती. मग खट् झालं, फोन आपोआप उघडला, आणि मला पंख्याचा आवाज ऐकू आला.

खट् खट्. खट् खट्.

तो पंखा मी झोपेतही ओळखीन.

"बसा ना," अण्णांचा आवाज आला. "उभ्यानं कसं बोलणार? ती खुर्ची घ्या."

लाकडी खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज झाला.

"अण्णा!" मी ओरडले. "अण्णा, कोण आलंय?"

"मुलगी ऑफिसात असते," अण्णा सांगत होते, आरामात. मग थांबले. ऐकणारा माणूस थांबतो तसे. मग हसले. मला समोरून कोणाचाही आवाज ऐकू आला नाही.

४

मी धावत जाऊन फोन कुलपाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. तो चिडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, ते जास्त वाईट होतं.

"आपला आवाज जात नाहीये, फक्त तिकडचा येतोय," तो पडद्यावर बघत म्हणाला. इंटरनेटच्या फोनचा हा जुनाच आजार आहे, एका बाजूचं बोलणं पोचतं आणि दुसऱ्या बाजूचं वाटेत हरवतं. "अण्णांचा मोबाइल?"

"कपाटात. त्यांना तो आवडत नाही."

"शेजारी?"

त्याच्या फोनवरून मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना फोन लावला. त्या उचलेनात.

"बाहेरून कोणी घुसलाय का?" मी विचारलं. त्यानं हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. चोर असता तरी मला चाललं असतं.

कुलपानं दिवसभराच्या नोंदी खालपर्यंत बघितल्या. "बाहेरून कोणी आलेलं दिसत नाही, ताई. आपल्याच आतून निघालाय." मग त्यानं घसा खाकरला. "असो, चोरच असेल, माझ्यापेक्षा हुशार. नियम सरळ आहे, आधी दार लावायचं. घरचे फोन तोडतो."

"तोडू नकोस."

"ताई, आत चोर आहे!"

"आत अण्णा आहेत! ओळ तोडलीस तर मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येणार नाही."

त्याचा हात बटणावर होता. इतक्या वर्षांत त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं हात काढला आणि गाडीची किल्ली उचलली.

५

गाडी तो चालवत होता. मी मोबाइल कानाला घट्ट लावून बसले होते. सिग्नल, हॉर्न, एका दुकानाबाहेर खोकी उतरवणारी माणसं, सगळं भर दुपारच्या लख्ख उन्हात. आणि कानात आमचा हॉल.

अण्णा कोणालातरी माझ्याबद्दल सांगत होते. "बोलायला तिखट आहे, पण करते सगळं." मग थांबले. "दुसरीकडे? कुठे दुसरीकडे?" पुन्हा थांबले. "अहो, माझे गुडघे बघा. जिना उतरून वर्ष झालं मला."

"त्यांना घेऊन चाललाय तो," मी म्हटलं. कुलपानं गाडी बाजूच्या गल्लीत घातली.

"बरं बरं, येतो," अण्णा म्हणाले. "हात द्या जरा. अरे बापरे, किती गार!"

आरामखुर्ची कुरकुरली. सपाता फरपटल्या. दाराची कडी निघाली. अण्णा माझ्याशिवाय कोणासाठीही ती कडी काढत नाहीत. मी ओरडत होते, "अण्णा, जाऊ नका! अण्णा!" आणि मला पक्कं माहीत होतं की यातलं एक अक्षर तिकडे पोचत नाहीये. सपातांचा आवाज लांब गेला. मग नुसता पंखा.

खट् खट्. खट् खट्. खट्.

आणि मग असा काही आवाज झाला की मी फोन कानापासून लांब फेकला. पुन्हा उचलला तेव्हा ओळ मेली होती.

उरलेली वाट कुलपानं हॉर्नवर हात ठेवूनच काढली. माझे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला आठवत नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना मी कशी चढले तेही आठवत नाही.

६

अण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. उजवी सपात डाव्या पायात, डावी उजव्या पायात. चष्मा नव्हता. मला बघून म्हणाले, "आलीस? इतक्या लवकर कशी?"

मी त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि हमसून हमसून रडले. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा अक्षरशः पडला, आवाज करून. कुलूप कठड्याला धरून उभा होता. तोही नाक ओढत होता, पण धाप लागलीय असं दाखवत होता.

"अगं, मला काही झालेलं नाही," अण्णा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "आत काय पडलं ते बघ आधी. आणि तिला बघ. तिला लागलं नाही ना?"

"कोणाला?"

"तुझ्या पाहुण्याला. रोज सांगतेस ना, आमचा पाहुणा, आमचा पाहुणा? मला वाटलं तो असेल. तो कसला, ती आहे की. मला इथे बसवलं आणि परत आत गेली. मग ते धाडकन् झालं. मी हाका मारतोय केव्हाचा, ओ देत नाही."

"कशी होती दिसायला?"

"चष्मा होता का मला? आवाज तुझाच होता. पण तू नव्हतीस. तू इतक्या आदरानं कधी बोलतेस? सारखं आपलं एकच, 'नमस्कार, आपल्याला दुसरीकडे नेत आहोत, कृपया सोबत राहा.' मी म्हटलं, बाई इतकी विनवतेय तर जाऊ या." त्यांनी माझा दंड धरला. "बघ ना गं आत. मला काळजी वाटते."

कुलूप आणि मी आत गेलो. पंखा अख्खा खाली आला होता, सोबत छताचा मोठा तुकडा घेऊन. अण्णांची आरामखुर्ची त्याच्याखाली होती. खुर्ची म्हणण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. पेपर पात्यात गुंडाळला गेला होता. मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकले नाही.

चुन्याची बारीक धूळ अजून खाली बसत होती. फरशीवर, टेबलावर, फोनवर, चष्म्यावर, सगळीकडे तिचा पांढरा थर होता, आणि त्यावर आमच्याशिवाय कोणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं. समोर लाकडी खुर्ची होती, पुढे ओढलेली. तिच्या पाठीवर धूळ होती, हातांवर धूळ होती. बैठक मात्र स्वच्छ होती. धूळ पडत असताना तिथे कोणी बसलेलं असावं, इतकी स्वच्छ.

कुलपानं ती बघितली. मी बघितली. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"कोणी नाही, अण्णा!" मी बाहेर ओरडून सांगितलं. "कोणाला लागलं नाही!"

"हुश्श," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात खालच्या वहिनी धापा टाकत वर आल्या, आत डोकावल्या आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "देव तारी त्याला कोण मारी!" आणि सगळ्यांना चहाला खाली घेऊन गेल्या. अण्णा माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरले, आणि उतरल्यावर वर्षभरानं जिना उतरल्याचं कौतुक सगळ्यांना सांगत बसले.

७

छत दुरुस्त झालं. नवा पंखा आला, तो अजिबात वाजत नाही. नवी खुर्ची मी भिंतीकडे ठेवली. अण्णांनी ती लाकडी खुर्ची समोरून हलवू दिली नाही. "असू दे," म्हणाले, "कोणी आलं गेलं तर."

मग पाहुण्याला निरोप द्यायचा दिवस आला. कुलपानं घरच्या फोनना नवी, त्याच्या मनासारखी कुलपं लावली होती. ओळ तोडायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. सकाळी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. मैनासुद्धा दार सोडून आली. काय झालं होतं ते निम्म्या लोकांना खोटं वाटत होतं आणि निम्म्यांना जास्तीचं खरं वाटत होतं.

मी नंबर लावला आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. "नमस्कार. आपल्याला दुसरीकडे नेत आहोत. कृपया सोबत राहा." सगळे कान टवकारून उभे. कुठला फोन वाजतो? ऑफिस शांत होतं. मैनानं माझा हात घट्ट धरला. पलीकडे घंटा वाजली, आणि कोणीतरी फोन उचलला.

"हॅलो," अण्णा म्हणाले. "अगं, थोडक्यात चुकामूक झाली. आत्ताच उठली."

"कोण, अण्णा?"

"तीच गं. बसली होती समोर. आज तू घाईत तशीच गेलीस ना सकाळी? मी तोंड फुगवून बसलो होतो. तर ही उठली आणि म्हणाली, 'येते, अण्णा.' मी म्हटलं, 'ये.'" ते जरा थांबले. "बरोबर बोललो ना?"

हे दोन शब्द मी कुठल्याच सोयीसाठी कधी रेकॉर्ड केलेले नव्हते. ते मी फक्त घरी म्हणते, हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून.

कुलूप माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता. मीही नव्हते. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मला पूर्ण श्वास आला.

"अगदी बरोबर बोललात," मी म्हटलं. मग, रीत म्हणून आणि मनापासूनही, मी फोनमध्ये म्हटलं, "या पुन्हा."

"मी कशाला येऊ? मी घरीच आहे," अण्णा म्हणाले. "तू ये वेळेवर."

सगळे हसले. कुलपानं पाहुण्याला पुसलं. नंतर एकदा, खात्री म्हणून, त्यानं तो नंबर फिरवून बघितला. असा नंबर नाही, माझा आवाज म्हणाला. कुठेच घंटा वाजली नाही.

त्या दिवशी मी लवकर घरी गेले.